हायड्रॉक्साइड संपते, सोडियम उरते

सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे बाजारातला कॉस्टिक सोडा, सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पोत्यातल्या पांढऱ्या पापड्यांच्या किंवा टँकरमधल्या तीव्र द्रावणाच्या रूपात येतो. साखर कारखान्यांत तो बाष्पपात्रांच्या नळ्या उकळायला वापरतात, दूध संघांत पाइपलाइन आणि टाक्या धुवायला. संकलन केंद्रावर दुधाची आम्लता मोजणाऱ्या ब्युरेटमध्ये तोच असतो, शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत आणि घरगुती साबणाच्या भांड्यातही तोच. तो कशाशी कसा वागतो, याचे उत्तर पाठ्यपुस्तकांनी कधीच देऊन ठेवले आहे: आम्लाशी गाठ पडली की क्षार आणि पाणी, चरबीशी पडली की साबण, ॲल्युमिनियमशी पडली की हायड्रोजन. त्यामुळे या विषयात आता वाद उरलेला नाही, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. अभिक्रिया होताना काय घडते हे बऱ्याच अंशी ठरलेले आहे. अभिक्रिया झाल्यावर जे मागे राहते त्याचे काय करायचे, हे मात्र कृष्णाकाठी अजून ठरलेले नाही. या लेखात आधी अभिक्रियांचा आढावा घेतला आहे आणि मग त्या शिलकीचा. प्रतिपादन एकच आहे: या पदार्थाचा दाहकपणा हायड्रॉक्साइडमध्ये असतो, तो प्रत्येक अभिक्रियेत खर्च होतो, सोडियम मात्र बहुतेक वेळा आले तसेच पुढे जाते, आणि आपली मोजमापे पहिल्याकडे बघतात, दुसऱ्याकडे क्वचितच.

पार्श्वभूमी

तीव्र क्षाराची ओळख आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत क्षार तयार करण्याची कृती सविस्तर दिली असून त्यात मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे प्रकार केले आहेत. वनस्पतींची राख पाण्यात कालवून गाळायची आणि ते पाणी भाजलेल्या चुनखडीबरोबर किंवा शिंपल्यांबरोबर आटवायचे, की क्षाराचा दाहकपणा वाढतो. प्रफुल्लचंद्र राय यांनी भारतीय रसायनाच्या इतिहासात या कृतीची विशेष दखल घेतली. आजच्या भाषेत सांगायचे तर राखेतल्या कार्बोनेटचे चुन्याने हायड्रॉक्साइडमध्ये रूपांतर होते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा साका तळाशी बसतो. मात्र झाडांच्या राखेत प्रामुख्याने पोटॅशियम असते, सोडियम नव्हे. दोन्ही क्षार हाताला सारखेच बुळबुळीत लागतात आणि कातडी सारखीच जाळतात, म्हणून हा फरक शतकानुशतके कोणाला महत्त्वाचा वाटला नाही. तो महत्त्वाचा का आहे, हे लेखाच्या उत्तरार्धात येईल.

1807 साली हम्फ्री डेव्ही यांनी वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून सोडियम धातू वेगळा केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिठाच्या पाण्याचे विद्युत अपघटन करून कॉस्टिक सोडा आणि क्लोरिन एकाच वेळी मिळवण्याचे कारखाने उभे राहिले, आणि चुन्याची जुनी कृती मागे पडली. सिद्धांताच्या बाजूने आऱ्हेनियस यांनी 1880 च्या दशकात सांगितले की पाण्यात हायड्रॉक्साइड आयन सोडतो तो आम्लारी. 1923 साली ब्रॉन्स्टेड आणि लाउरी यांनी व्याख्या व्यापक केली: प्रोटॉन स्वीकारतो तो आम्लारी. कॉस्टिक सोड्याच्या बाबतीत दोन्ही व्याख्या एकाच जागी येऊन मिळतात, म्हणून व्यवहारात तो वाद लवकर मिटला. हायड्रॉक्साइड आयन दोन कामे करतो. समोर सुटणारा प्रोटॉन असेल तर तो उचलतो. नसेल तर रेणूत जिथे इलेक्ट्रॉनांची उणीव आहे तिथे स्वतः जाऊन चिकटतो. पुढच्या बहुतेक सगळ्या अभिक्रिया या दोन कामांतच बसतात.

अभिक्रिया: आम्ले, हवा आणि क्षार

40 ग्रॅम कॉस्टिक सोडा एक लिटर पाण्यात टाकला की केवळ विरघळण्यानेच पाणी साधारण 10 अंशांनी तापते. म्हणूनच सोडा पाण्यात हळूहळू घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचे नाही, ही शिस्त. आम्लाशी होणाऱ्या उदासिनीकरणात याहून अधिक उष्णता निघते. ही अभिक्रिया इतकी नेमकी असते की तिच्यावर मोजमाप उभे करता येते. दूध संकलनात दशांश तीव्रतेच्या द्रावणाचा प्रत्येक मिलिलिटर 0.009 ग्रॅम लॅक्टिक आम्लाच्या बरोबरीचा धरतात आणि फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी झाले की थांबतात. ताज्या दुधात लॅक्टिक आम्ल जवळपास नसते. जी ‘आम्लता’ दिसते ती केसीन, फॉस्फेट आणि विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते. म्हणजे आकडा लॅक्टिक आम्लाच्या नावाने लिहिला जातो एवढेच.

कॉस्टिक सोडा हवेतला कार्बन डायऑक्साइडही शोषतो आणि हळूहळू धुण्याच्या सोड्यात बदलतो. पोते उघडे राहिले की त्याची धार जाते, काचेचे बूच बरणीला धरून बसते. हीच गोष्ट संकलन केंद्रावरच्या उघड्या बाटलीत घडली तर तेच दूध मोजायला जास्त मिलिलिटर द्रावण लागते, कारण फिनॉल्फ्थॅलीनच्या अंतिम बिंदूला कार्बोनेटची निम्मीच क्षमता मोजली जाते. दूध उत्पादकाच्या दुधाला असा नाहक आंबटपणा चिकटू शकतो. द्रावण वेळोवेळी प्रमाणित करण्याचा नियम यासाठीच आहे, आणि तो कंटाळवाणा वाटतो म्हणून टाळण्यासारखा नाही.

उलट बाजूने, आंबट होऊ लागलेल्या दुधात सोडा घालून ते ‘गोड’ करण्याची भेसळ सर्वांना ठाऊक आहे. लॅक्टिक आम्लाचे सोडियम लॅक्टेट होते, सामू पूर्ववत दिसतो, ब्युरेट फसते. पण ते दूध जाळून त्याची राख तपासली तर लॅक्टेटचे कार्बोनेट झालेले असते आणि राखेची क्षारता नेहमीपेक्षा वाढलेली आढळते. घातलेले हायड्रॉक्साइड कधीच नाहीसे झाले, चोरी पकडून दिली सोडियमने.

धातूंच्या क्षारांशी होणारी अभिक्रिया द्राक्ष बागायतदारांना पुस्तक न उघडता माहीत आहे. मोरचुदाच्या द्रावणात अल्क पडला की निळा साका तयार होतो: कॉपर हायड्रॉक्साइड. 1885 च्या सुमारास मिलार्दे यांनी फ्रान्समध्ये केवड्याविरुद्ध जे बोर्डो मिश्रण पुढे आणले त्याचा पाया हाच आहे, आणि एक टक्क्याच्या मिश्रणासाठी 100 लिटर पाण्यात एक किलो मोरचूद व एक किलो चुना हे प्रमाण तासगाव-मिरजेत तोंडपाठ असते. मग चुन्याऐवजी कॉस्टिक सोडा का नाही? हिशेबाने एका किलो मोरचुदाला फक्त 320 ग्रॅम सोडा पुरतो, आणि असे मिश्रण पूर्वी परदेशांत वापरलेही गेले. पण चुना जास्त झाला तर पानावर पांढरा थर बसतो, सोडा जास्त झाला तर पान करपते. शिवाय चुन्याच्या मिश्रणात तयार होणारे कॅल्शियमचे क्षार साका पानाला धरून ठेवायला मदत करतात. सोड्याच्या मिश्रणात उरते ते पाण्याबरोबर वाहून जाणारे सोडियम सल्फेट. निळा साका दोन्हीकडे सारखाच दिसतो. निवड ठरते ती मागे काय उरते यावर.

काही हायड्रॉक्साइडे मात्र जास्तीच्या सोड्यात पुन्हा विरघळतात. ॲल्युमिनियम, जस्त आणि शिसे ही त्यांतली ठळक नावे. ॲल्युमिनियमच्या भांड्यात कॉस्टिक ठेवले तर भांडे झिजते आणि ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो. या दोषाचाच उपयोग बायर यांनी 1880 च्या दशकात करून घेतला: बॉक्साइटमधला ॲल्युमिना गरम कॉस्टिकमध्ये उतरतो, लोह तसेच राहते. पाटण-महाबळेश्वरच्या सड्यांवरच्या जांभ्यात बॉक्साइट आहे. कोल्हापूर जिल्ह्यातले बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यात याच पद्धतीने वापरले जाते. त्या प्रक्रियेतला लाल चिखल वर्षानुवर्षे क्षारयुक्त राहतो, हे जगभर डोकेदुखीचे कारण आहे. तिथेही अडचण उरलेल्या सोड्याचीच आहे.

बेदाणा: सोडा का हरला

सेंद्रिय संयुगांकडे वळताना सांगली जिल्ह्याने सर्वांत चांगले उदाहरण पुरवले आहे. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा बारीक थर असतो. त्यात ओलिॲनोलिक आम्लाचा वाटा मोठा, शिवाय लांब साखळीची अल्कोहोले आणि एस्टर. हा थर पाणी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून नुसती द्राक्षे वाळायला आठवडेच्या आठवडे लागतात. राखेच्या उकळत्या क्षारपाण्यात तेल घालून त्यात द्राक्षे बुडवायची रीत रोमन लेखक कोलुमेला यांनी नोंदवली आहे. विसाव्या शतकात कॅलिफोर्नियात तिचे रूपांतर अर्ध्या टक्क्याहून कमी तीव्रतेच्या, उकळीच्या जवळ तापवलेल्या कॉस्टिक सोड्यात काही सेकंद बुडवण्यात झाले. ऑस्ट्रेलियात मात्र थंड पद्धत रुजली आणि सांगलीने तीच घेतली: लिटरमागे साधारण 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिलिलिटर इथाइल ओलिएट, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतले डिपिंग ऑइल. त्यात दोन ते चार मिनिटे द्राक्षे बुडवून ती शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत पसरली की दोन आठवड्यांच्या आत-बाहेर बेदाणा तयार होतो.

या दोन पद्धतींत रसायनशास्त्र वेगळे आहे. गरम कॉस्टिक मेणातल्या आम्लाचे सोडियम क्षार करते, एस्टर तोडते आणि सालीवर सूक्ष्म भेगा पाडते. पाणी झटपट निघते, पण त्याच भेगांतून साखर बाहेर येते, मणी चिकट होतात, आणि बुडवणूक काही सेकंद लांबली तरी साल फाटते. थंड पद्धतीत मेणाचा थर निघून जात नाही. त्याच्या पापुद्र्यांची रचना बदलते आणि पाण्याला वाट मिळते. मग पोटॅशियम कार्बोनेटऐवजी थोडा कॉस्टिक सोडा आणि तेच तेल वापरले तर? ते जमत नाही, कारण इथाइल ओलिएट हा स्वतःच एस्टर आहे. तीव्र हायड्रॉक्साइड त्याचे साबण आणि अल्कोहोलमध्ये विघटन करते आणि महागाचे तेल फुकट जाते. कार्बोनेट सौम्य असल्याने ते एस्टरला बराच काळ टिकू देते आणि तेलातल्या मोकळ्या ओलिक आम्लाचा तेवढा साबण करून मिश्रण एकजीव ठेवते.

कॉस्टिकच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. गरम बुडवणुकीने सालीवरची धूळ आणि सूक्ष्मजीव जास्त चांगले जातात, यंत्राने वाळवताना तर ही पद्धत सोयीची पडते. सांगलीत सावलीत, मोकळ्या हवेत वाळवणे स्वस्त आहे आणि बाजार हिरवट-पिवळ्या रंगाला भाव देतो, म्हणून इथे थंड पद्धत जिंकली. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेला सांगलीचा बेदाणा या निवडीतून घडला आहे. पोटॅशियम निवडले ते जमिनीच्या काळजीपोटी नव्हे, मण्याच्या सालीसाठी. पण वापरून झालेल्या द्रावणात जे उरते ते निदान पिकाला लागणारे मूलद्रव्य आहे, हा अनपेक्षित फायदा.

हळद आणि साखर

हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे घराघरांत माहीत आहे. कॉस्टिक सोड्याने तेच आणखी ठळकपणे घडते. करक्युमिनच्या रेणूत सुटू शकणारे तीन प्रोटॉन आहेत. सामू आठच्या पुढे गेला की ते एकेक करून निघतात आणि रंग पिवळ्याकडून तांबड्याकडे सरकतो. लगेच आम्ल घातले तर पिवळा रंग परत येतो. काही तास जाऊ दिले तर येत नाही, कारण तोवर रेणूच मोडलेला असतो. तो नक्की कसा मोडतो, हा इथला खरा शास्त्रीय वाद. 1980 आणि 1990 च्या दशकांतल्या अभ्यासांनी फेरुलिक आम्ल आणि व्हॅनिलिन ही विघटनाची उत्पादिते मानली. 2010 नंतरच्या कामाने दाखवले की ऑक्सिजन असताना स्वयंऑक्सिडीकरण हा मुख्य मार्ग असतो आणि त्यातून वेगळीच संयुगे तयार होतात. कोणत्या सामूला आणि किती ऑक्सिजनला कोणता मार्ग वरचढ ठरतो, यावर अजून एकमत नाही. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की हळद शिजवताना पाण्यात सोडा टाकून रंग खुलवण्याचा जुना सल्ला आता जपून घ्यावा. रंग गडद दिसतो त्या वेळी करक्युमिन टिकेलच असे नाही. वाफेवर किंवा साध्या पाण्यात शिजवण्याकडे शिफारसी वळल्या, ते योग्यच झाले.

साखरेचे वागणे दुहेरी आहे. उसातली सुक्रोज अल्कात बरीच स्थिर असते, पण तिच्यापासून सुटलेली ग्लुकोज आणि फ्रुक्टोज टिकत नाहीत. लोब्री द ब्राइन आणि अल्बर्डा व्हॅन एकेनस्टाइन यांनी 1890 च्या दशकात दाखवले की अल्कात ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि मॅनोज एकमेकांत बदलत राहतात. उष्णता वाढली की त्यांची आम्ले आणि तपकिरी रंगद्रव्ये होतात. म्हणून रस स्वच्छ करताना कारखाने चुना बेताने वापरतात, गंधकाच्या धुराने सामू सातच्या आसपास आणतात, आणि कॉस्टिकला रसापासून दूर ठेवतात. त्याचे काम रस निघून गेल्यावर सुरू होते.

बाष्पपात्रांतली खपली

रस आटवताना नळ्यांच्या आत थर बसतो. कामगारांच्या तोंडी त्याला स्केल म्हणतात. पहिल्या पात्रांत त्यात फॉस्फेटे अधिक, शेवटच्या पात्रांत सिलिका, कॅल्शियम सल्फेट आणि ऑक्झॅलेट. तो उष्णता अडवतो, वाफ वाया जाते, गाळप मंदावते. मग पात्रे कॉस्टिकने उकळतात. सिलिकेचे सोडियम सिलिकेट होऊन ती विरघळते. कॅल्शियम सल्फेट कॉस्टिकला फारशी दाद देत नाही. म्हणून सोबत धुण्याचा सोडा घालून त्याचे आधी कार्बोनेट करतात आणि नंतरच्या आम्लधुलाईत ते उतरवतात. ऑक्झॅलेट सर्वांत हट्टी. म्हणजे ‘कॉस्टिकने स्केल विरघळते’ हे विधान थराच्या घटकांवर अवलंबून आहे, आणि कुठल्या पात्रात कोणता थर आहे हे न तपासता सगळीकडे सारखेच कॉस्टिक उकळणे म्हणजे पैसा आणि सोडियम दोन्ही वाया घालवणे.

या बाबतीत मतांचे तीन प्रवाह दिसतात. पहिला म्हणतो, कॉस्टिक आणि त्यामागून आम्ल ही जुनी जोडी स्वस्त आहे, कामगारांच्या सवयीची आहे, ती मोडू नये. दुसरा ईडीटीएसारखी, कॅल्शियमला पकडून ठेवणारी द्रव्ये सुचवतो; ती ऑक्झॅलेटवरही चालतात, पण महाग असतात, निसर्गात लवकर मोडत नाहीत, आणि बहुधा सोडियम क्षाराच्या रूपातच मिळतात. तिसरा प्रवाह मुळात स्केल बसू नये म्हणून रसात रोधक द्रव्ये घालणे आणि उच्च दाबाच्या पाण्याने नळ्या खरवडणे यांवर भर देतो. तिसऱ्याचा युक्तिवाद मला सर्वांत सरळ वाटतो, तरी शेवटच्या पात्रातल्या सिलिकेचे केवळ पाण्याने भागते असा दावा करणे धाडसाचे होईल. तिथे कॉस्टिकला आज समर्थ पर्याय नाही.

शिल्लक: सामू आणि सोडियम

आता मुख्य प्रश्न. वापरलेले कॉस्टिक सांडपाणी प्रक्रियेत जाते, आम्लाने त्याचा सामू उतरवला जातो. साखर कारखान्यांसाठीच्या 2016 च्या केंद्रीय मानकांत सामू 5.5 ते 8.5 आणि गाळलेल्या दर टन उसामागे 200 लिटर सांडपाणी अशी मर्यादा आहे. सामू या पट्ट्यात आला की हायड्रॉक्साइडचा निकाल लागला, यात शंका नाही. पण एका किलो कॉस्टिकमध्ये 575 ग्रॅम सोडियम असते आणि उदासिनीकरणाने त्यातला एक ग्रॅमही कमी होत नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले तर सुमारे 1.46 किलो मीठ होते, गंधकाम्ल वापरले तर सुमारे 1.78 किलो सोडियम सल्फेट. प्रक्रिया केलेले पाणी शेतीला दिले तर हे सोडियम काळ्या मातीच्या चिकणकणांवरच्या कॅल्शियमची जागा घेते. कण फुगतात, विखुरतात, पाणी मुरेनासे होते. शेतकरी ज्याला चोपण म्हणतात ती जमीन अशी बनते. 1954 च्या अमेरिकी कृषी खात्याच्या प्रसिद्ध पुस्तिकेने विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांच्या पुढे गेले की जमीन बिघडली असे मानले. आपल्या चिकण काळ्या जमिनी त्याच्या बऱ्याच आत बिघडू लागतात, असे भारतीय मृदा अभ्यासकांचे म्हणणे आहे.

रसायनशास्त्र इथे आणखी एक मेख मारते. कृष्णाखोऱ्यातल्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट असते. त्यात उदासीन न केलेले कॉस्टिक मिसळले तर कॅल्शियम कार्बोनेट साक्याच्या रूपात बाहेर पडते आणि पाण्यात सोडियम कार्बोनेट उरते. हिशेबाने एक किलो कॉस्टिक या एका टप्प्यात अर्धा किलो कॅल्शियम पाण्यातून काढून टाकू शकतो. सोडियमचे माप वाढतेच, शिवाय त्याला तोलून धरणारे कॅल्शियमही घटते. म्हणून केवळ किती सोडियम गेले हे पाहून भागत नाही. कोणत्या आम्लाने उदासिनीकरण केले, हेही महत्त्वाचे ठरते. चिमणीच्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइडने सामू उतरवणे स्वस्त आणि कल्पक वाटते, पण त्यातून सोडियम बायकार्बोनेट मिळते आणि ते मातीतल्या कॅल्शियमचा साका करत राहते. गंधकाम्लाने तोच सामू गाठला तर सल्फेट मिळते, ते निदान कॅल्शियमला हात लावत नाही. सामूमापकाचा आकडा दोन्हीकडे एकच दिसेल.

याला सर्वांत भक्कम आक्षेप असा: मिरज, वाळवा, पलूस, कराड भागांतल्या क्षारपड जमिनींचे कारण कॉस्टिक सोडा नाही, बेसुमार पाटपाणी आणि निचऱ्याचा अभाव आहे. आक्षेप खरा आहे, आणि आकड्यांनी तपासता येतो. उसाला पाटाने वर्षाला 2,000 मिलिमीटर पाणी दिले तर हेक्टरी 2 कोटी लिटर होते. त्यात लिटरमागे केवळ 20 मिलिग्रॅम सोडियम धरले तरी वर्षाला 400 किलो सोडियम त्या हेक्टरात येते, म्हणजे जवळजवळ 700 किलो कॉस्टिकइतके. खोऱ्याच्या पातळीवर दोष सिंचनाच्या पद्धतीचाच आहे, कारखान्यांकडे बोट दाखवून तो झाकता येणार नाही. पण सिंचनाचे सोडियम हजारो हेक्टरांवर पसरते आणि सोबत कॅल्शियमही आणते. धुलाईचे सोडियम ठरावीक शेतांत, ठरावीक महिन्यांत, सोबतीशिवाय जाते. सरासरीत नगण्य ठरणारी गोष्ट त्या शेतांपुरती नगण्य राहत नाही.

दुसरा आक्षेप: मानकांत एकूण विरघळलेले क्षार मोजलेच जातात, मग वेगळे सोडियम कशाला? कारण त्या एका आकड्यात पोटॅशियम, कॅल्शियम आणि सोडियम एकाच पिशवीत पडतात. साखर-मद्यार्क संकुलाच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते आणि ते पिकाला चालते. तेवढेच सोडियम चालत नाही. तिसरा आक्षेप जिप्समचा: जमीन बिघडली तर जिप्सम टाकून सुधारता येते. येते, मात्र जिप्समने सुटलेले सोडियम सल्फेट खाली वाहून न्यायला निचरा हवा, आणि जिथे तो नाही तिथेच ही जमीन बिघडते.

उपायांच्या बाजूला दोन सूचना विचारात घेण्याजोग्या आहेत. एक, वापरलेल्या कॉस्टिकमध्ये चुना घालून ते पुन्हा उभे करणे. कार्बोनेट आणि सिलिकेट कॅल्शियमच्या साक्यात जातात, हायड्रॉक्साइड द्रावणात परत येते. सुश्रुताच्या कृतीचेच हे औद्योगिक रूप, आणि चुना प्रत्येक साखर कारखान्यात असतोच. अडचण त्यात उतरलेल्या सेंद्रिय रंगद्रव्यांची आणि बारीक साका गाळण्याची. दोन, कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश. रेणुभार 40 ऐवजी 56, म्हणजे तेवढ्याच कामाला 1.4 पट वजन, आणि किंमत बरीच जास्त. गंमत अशी की मद्यार्काचे सांडपाणी जाळून मिळणाऱ्या राखेतले पोटॅश खत म्हणून विकले जाते. 2021 पासून त्याला केंद्राच्या पोषणमूल्याधारित अनुदान योजनेत जागा मिळाली. म्हणजे एकाच आवारातून पोटॅशियम बाहेर जाते आणि सोडियम विकत घेतले जाते. त्या राखेतून धुलाईपुरता कॉस्टिक पोटॅश परवडणाऱ्या खर्चात काढता येईल का? त्या राखेत क्लोराइड आणि सल्फेटही असल्याने चुन्याने सगळे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये येणार नाही, हे उघड आहे. किती येईल, हे प्रत्येक कारखान्याच्या राखेवर ठरेल.

शेवटचा अनिर्णित मुद्दा पावसाचा आहे. महाबळेश्वरच्या घाटमाथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आटपाडी-जत भागात त्याचा दहावा हिस्साही धड पडत नाही. हंगामात मातीत गेलेले सोडियम पश्चिमेच्या उताराच्या जमिनीतून एका पावसाळ्यात धुऊन जाऊ शकते. पूर्वेकडे, किंवा नदीकाठच्या सपाट चिकण पट्ट्यात, ते साठत राहते. मानक मात्र दोन्हीकडे एकच आहे. गाळप सुरू होण्यापूर्वी आणि पावसाळा संपल्यावर त्याच शेतांतल्या मातीचे विनिमययोग्य सोडियम सलग काही वर्षे मोजले, तर कोणत्या पट्ट्यात किती कॉस्टिक सोसते याला आकडा देता येईल. तोवर एकच मर्यादा दोन्हीकडे लावणे सोयीचे आहे, पण तिला मृदाशास्त्राचा आधार आहे असे म्हणता येत नाही.